घरामागची बाटली

गोदू आठ वर्षांची होईपर्यंत तिला वाटायचं, दिवस मावळला की सगळ्यांनाच दिसायचं बंद होतं. वाण्यानं दुकानाच्या फळ्या लावाव्यात तसं संध्याकाळी जग बंद होतं, माणसं चाचपडत जेवतात, चाचपडत झोपतात आणि सकाळी फळ्या निघतात. त्यात तक्रार करण्यासारखं काही असेल, हे तिच्या गावीही नव्हतं. मग एकदा तिन्हीसांजेला अंगणात लपंडाव चालला असताना शेजारची हौसा लांबूनच किंचाळली, "गोदे, तुज्या पायाशी इंचू हाय!" गोदू जागची हलली नाही. पाय कुठं टाकायचा तेच तिला कळेना. हौसानं धावत येऊन दगडानं विंचू ठेचला आणि गोदूच्या धिटाईचं कौतुक वाडीभर सांगितलं. गोदू मात्र त्या दिवशी हादरली. हौसाला दहा हातांवरून विंचू दिसला होता, म्हणजे जग बंद झालेलं नव्हतं. बंद झाली होती ती एकटी गोदू.

ही १९५० सालची गोष्ट. पनवेलपासून दीड तासाच्या चालीवर, खाडीला लागून मिठागरावरच्या मजुरांची एक वाडी होती. वीस-बावीस झापं, म्हणजे झावळ्यांच्या झोपड्या, त्यापलीकडं मिठाचे पांढरे वाफे आणि त्यापलीकडं खाडी. तिथं जिकडंतिकडं पाणी, पण पिण्याजोगं थेंबभरही नाही. जमीन अशी खारट की तिच्यात अळूचं पानसुद्धा जीव धरायचं नाही. नेऱ्याच्या बाजूला, डोंगराखाली, लोकांच्या परसात शेवगा आणि माठ नुसता माजायचा, तो इथल्या पोरांनी बाजारात लांबूनच बघायचा. इथं खायचं काय, तर तांदळाची भाकरी, आंबील आणि असलंच तर मूठभर सुकट. जाळ्यात चांगला मासा आला की तो पनवेलच्या बाजाराकडं चालू लागायचा. पोरांची पोटं पुढं आलेली, पाय काटकीसारखे, आणि म्हातारी माणसं म्हणायची, आमच्या खारातली पोरं अशीच असतात. जसं काही पोटं पुढं येणं हा खाऱ्या वाऱ्याचाच गुण.

गोदूचा बाप काशीराम दाजी तांडेलाच्या मचव्यावर खलाशी होता. मीठ भरून मुंबईला जायचं, दहा-बारा दिवसांनी परतायचं. आई भामा पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहायची. घरी यायची तेव्हा तिचे पाय मिठानं असे चिरलेले असायचे की उंबऱ्यावर बसून ती आधी ते कोमट पाण्यात ठेवायची आणि डोळे मिटून दातओठ खायची. दिवसभर घरात गोदू आणि तिचा चार वर्षांचा भाऊ भगवान. भगवान पोटानं नाजूक, सदा कडेवर. त्याला घेऊन दोन हांडे आणता येत नसत, म्हणून गोड्या पाण्याच्या विहिरीवर जायची वेळ आई परतल्यावरची, म्हणजे नेमकी गोदूचं जग बंद होण्याची.

आंधळ्या पावलांनी पाणी आणायला गोदू शिकली ती अशी. जाताना उरलासुरला उजेड असायचा, परत येताना काही नाही. बांधावर पायाखाली मिठाची खरखर लागते, ती संपली की चिखलाचा मऊ पट्टा, मग तीन दगड, मग वीस पावलांवर शेजारच्या कमळाबाईच्या झापाची कुडाची भिंत. कमळाबाई खोकली की डावीकडं वळायचं. कमळाबाई रोज खोकायची, एवढी देवाची कृपा. ज्या दिवशी ती खोकली नाही त्या दिवशी गोदू कुडाला धडकली, हांडा सांडला आणि परत जायला लागलं. आईनं विचारलं तर म्हणाली, पाय घसरला.

खरं सांगायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. सांगितलं तर पाणी कोण आणणार? आई. त्या पायांनी. नऊ वर्षांच्या पोरीनं आईच्या पायांकडं बघून घेतलेला हा निर्णय होता. मोठ्या माणसांनी त्याला फार तर वेडेपणा म्हणावं. मी तर तेवढंही म्हणणार नाही.

चैत्रात भगवानचं पोट पुन्हा बिघडलं. पंधरा दिवस झाले तरी थांबेना, तेव्हा भामानं एक दिवसाचं काम सोडलं, पोराला खांद्यावर टाकलं, गोदूला सोबत घेतलं आणि पनवेलच्या दवाखान्यात गेली. तिथं हदासाबाई नावाच्या परिचारिका होत्या. पांढरं लुगडं, जाड भिंगांचा चष्मा आणि आवाज असा की रांग आपोआप सरळ व्हावी. त्या पनवेलच्या इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांपैकी. जुनी माणसं त्यांना अजून तेली म्हणायची, कारण त्यांच्या आज्या-पणज्यांचे घाणे होते आणि ते शनिवारी बंद असायचे. हदासाबाईंना त्याचा राग नव्हता.

त्यांनी भगवानचं पोट दाबलं, जीभ बघितली आणि मग खालच्या पापण्या ओढून डोळे बघत बसल्या. बराच वेळ. बुबुळाच्या शेजारी पांढऱ्यावर साबणाचा फेस वाळावा तसा एक ठिपका होता.

"संध्याकाळी हा अडखळतो का?" त्यांनी विचारलं.

"त्यो चालतंय कुठं? सदा कडंवर," भामा म्हणाली.

हदासाबाईंनी मान वळवून गोदूकडं पाहिलं, मग तिच्या डोळ्यांकडं. भामाला त्यांनी औषधाचा कागद आणायला पलीकडच्या खोलीत पाठवलं आणि गोदूचं मनगट धरून तिला मागच्या कोठीत नेलं. खिडकी बंद होती. दाराच्या फटीतून थोडा उजेड येत असणार.

"समोरच्या फळीवर निळी पुडी आहे. दे बघू मला."

गोदूनं हात पुढं केला. हाताला भिंत लागली.

"रात्री दिसत नाही ना तुला?"

"दिसतंय."

"पोरी, फळी तुझ्या उजव्या हाताला आहे."

तेव्हा गोदूनं त्यांचं लुगडं घट्ट धरलं. "बाय, आयेला सांगू नका. पाय पडते तुमच्या. पानी कोन आणील मंग?"

हदासाबाईंनी आयुष्यात पुष्कळांना ओरडून सरळ केलं होतं. इथं त्यांना ओरडता येईना. "बरं, नाही सांगत," त्या म्हणाल्या. "पण मी औषध देईन ते तूही घ्यायचं. पंधरा दिवसांत दिसायला लागेल. मग सांगायचं कारणच उरणार नाही."

बाहेर येऊन त्यांनी भामाच्या हातात एक तपकिरी बाटली दिली. भामानं बूच काढून वास घेतला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

"आवं बाय, ह्ये तर मुशीच्या काळजाचं तेल! आमचा माणूस मचव्याच्या बुडाला फासतंय ह्ये. घरी आला का त्याच्या आंगाला ह्योच वास."

"तेच ते, फक्त साफ केलेलं," हदासाबाई म्हणाल्या. "डोळ्यांचं औषध आहे. दोघांनाही रोज चमचाभर द्या. आमच्यात मुशी खात नाहीत, तिला खवलं नसतात म्हणून. पण औषधाला आम्ही नियम लावत नाही. आमचे आजोबा तिळाचं तेल काढायचे, मी मुशीचं पाजते."

मग त्यांचा आवाज बदलला. "याचे डोळे कोरडे पडत चाललेत. अंगावर काही आलं, गोवर, कांजिण्या, काहीही, तर एक दिवससुद्धा थांबू नका. तसाच उचलून आणा. आणि रोज डोळे उघडून बघा."

भामानं मान डोलावली. तिचं लक्ष उन्हाकडं होतं, कारण अर्धा दिवस अजून हाताशी होता आणि मिठागर लांब होतं. बाईंचं बोलणं शब्दाला शब्द लक्षात राहिलं ते गोदूच्या.

आता या तेलाची गंमत बघा. खाडीच्या तोंडाशी मुशी, म्हणजे लहान शार्क मासा, मुशीच्या पोटात काळीज, काळजात तेल, आणि ते तेल हांडेच्या हांडे मचव्यांच्या बुडांना. लाकूड कुजू नये म्हणून. मचव्याला कधी रातांधळेपणा झाल्याचं मी तरी ऐकलं नाही. पोरांना होत होता, आणि पोरांचे बाप कोपरापर्यंत त्याच तेलात हात बुडवून बसलेले. कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना. सांगायला येणार कोण होतं त्या खाऱ्या दलदलीच्या खाजणात?

घरी आल्यावर भामानं भगवानला चमचाभर तेल पाजलं. गोदूनंही तोंड पुढं केलं, तर म्हणाली, "तुला काय झालंय? त्याला पुरू दे." गोदू मागं सरली. झालंय काय, ते सांगायचं नव्हतं ना. दुसऱ्या दिवशी सकाळी भगवानचं अंग तव्यासारखं तापलं आणि तिसऱ्या दिवशी कानामागून लाल पुरळ चेहऱ्यावर उतरलं.

कमळाबाई खोकत खोकत आली. वाडीतली सगळी रीतभात तिच्या तोंडी. तिनं पोराला बघितलं आणि हात जोडले. "बया आली गो भामा. नशीब तुजं, घरात आली. आता नऊ दिस सांभाळ."

बया म्हणजे गोवराच्या रूपानं अंगावर आलेली देवी, आणि तिला सांभाळायचं म्हणजे काय, ते लहान पोरांनाही पाठ होतं. दाराला घोंगडी लावायची, कडुनिंबाचा डहाळा खोवायचा. बयेला उजेड सोसत नाही. घरात फोडणी नाही, तळण नाही, तेल नाही, आणि मासा तर उंबऱ्याच्या आत येता कामा नये. बाहेर खाऊन आलेल्या माणसानंही आत यायचं नाही. औषध दिलं तर बया रुसते. आणि पोराच्या पापण्या उघडायच्या नाहीत, कारण बया डोळ्यांतून जग बघत असते.

"आये," गोदू म्हणाली, "बाई बोललेली, आंगावर आलं तर तसाच आणा. तेल द्या बोललेली."

"तेल? मुशीचं?" कमळाबाईनं कानांवर हात ठेवले.

भामानं बाटली उचलली, फडक्यात गुंडाळली, घरामागं गेली आणि कुडाच्या बाहेर बांबूला उंच बांधून आली. मग गोदूला जवळ घेतलं.

"तुला मालू आठवते का गो?"

गोदूला मालू थोडीशी आठवत होती. तिच्या पाठची बहीण. तीन वर्षांपूर्वी तिला बया आली होती. पाचव्या दिवशी काशीराम मुंबईहून आला आणि भूक लागली म्हणून त्यानं चुलीवर बोंबील भाजले. सहाव्या दिवशी मालू गेली. ती त्या बोंबलानं गेली, यात वाडीत कुणालाही शंका नव्हती. काशीरामला तर नव्हतीच. तेव्हापासून तो बोंबील खात नव्हता.

"एक पोर दिलंय मी," भामा म्हणाली. "दुसरं नाय देनार."

आई दुष्ट असती तर या गोष्टीत रागवायला कुणीतरी सापडलं असतं. ती दुष्ट नव्हती. ती एकदा होरपळलेली बाई होती आणि आपल्या पोराला तिला ठाऊक असलेल्या एकाच रीतीनं जपत होती.

चौथ्या दिवसापासून भामा पुन्हा कामावर जाऊ लागली. चैत्र-वैशाखात मीठ रोज उचलावं लागतं, आणि जी बाई चार दिवस आली नाही तिच्या जागी पाचव्या दिवशी दुसरी उभी असते. बाप मचव्यावर मुंबईकडं, तेव्हा अंधाऱ्या झापात गोदू आणि भगवान उरले. घोंगडीमुळं दुपारीही आत तिन्हीसांजच. बाहेर मिठावरचं ऊन इतकं पांढरं की त्यातून आत आलं की गोदूला स्वतःचा हातही दिसत नसे. ती भावाला हातांनी ओळखायची. कपाळ गरम. ओठ फुटलेले. डोळे मिटलेले. पापण्यांच्या कडांना चिकट काहीतरी, ते ती निंबाच्या पाण्यानं पुसायची. रोज डोळे उघडून बघा, असं बाई म्हणाल्या होत्या. उघडायचे नाहीत, असं कमळाबाई म्हणाली होती. आणि चोरून उघडले असते तरी गोदूला काय दिसणार होतं?

पहिल्यांदा भगवान घोंगडी हलली की रडायचा, तोंड भिंतीकडं फिरवायचा. सहाव्या दिवशी घोंगडी हलली तरी रडला नाही. गोदूला वाटलं, बरं वाटतंय त्याला. पण तिला स्वतःलाच ते खोटं वाटत होतं.

त्या दिवशी दुपारी ती घरामागं गेली. बाटलीवर ऊन पडून तेलाचा वास कुडाला लागला होता. बापाचा वास. तिनं दगडावर चढून फडकं सोडलं. बूच काढलं. डाव्या तळहाताच्या खळग्यात तेल ओतलं आणि सांडू नये म्हणून बोटं घट्ट मिटत, पावलं मोजत पुढच्या दारानं आत गेली.

आत काळंकुट्ट. ती गुडघ्यांवर बसली. उजव्या हातानं चाचपून कपाळ शोधलं, नाक शोधलं. डावा हात तोंडापाशी नेला, कांकणं वाजली. तेवढ्यात वास खोलीभर पसरला. इतका की तिलाच दचकायला झालं. हा वास बयेला येणार नाही असं होणंच शक्य नव्हतं. निंबाचा डहाळा वाऱ्यानं खसखसला, पलीकडं कमळाबाई खोकली, आणि गोदूला मालूचा चेहरा आठवला. एरवी कधी नीट आठवायचा नाही, तो नेमका तेव्हा. भगवान मेला तर? बापानं मालूला मारलं असं सगळे म्हणतात. गोदूनं भगवानला मारलं असं म्हणतील. आणि म्हणणं सोडा, खरंच मेला तर?

हात हवेत राहिला. किती वेळ, तिला सांगता आलं नसतं. मग तिनं तो मागं घेतला, चुलीतल्या राखेनं घासघासून धुतला आणि बाटली होती तशी बांधून ठेवली.

पण बाईंकडं जाता येईल, हे तिच्या डोक्यातून जाईना. बाई येतील, आईला समजावतील, बयेलासुद्धा समजावतील. बाईंचा आवाजच तसा होता. दिवसा जावं तर पोराला एकटं टाकावं लागणार. आई आल्यावर जावं तर दिसणार नाही. दोन्हीकडून दार बंद. तरी त्या संध्याकाळी आई येताच ती हांडे घेऊन निघाली. विहिरीवर हांडे ठेवले आणि पनवेलची वाट धरली.

विहिरीच्या पुढं तिच्या पायांना काही ठाऊक नव्हतं. चाळीसेक पावलं ती उरल्यासुरल्या उजेडात गेली. मग तोही विझला. पनवेलच्या बंदरावर आता दिवे लागले असतील आणि तिकडं तोंड करून चाललं की झालं, असं तिनं ऐकलं होतं. तिनं चारी दिशांना तोंड केलं. दिवा कुठंच नव्हता. आणखी थोडं चालली तर पाय बांधावरून सुटला आणि ती छातीपर्यंत खाऱ्या पाण्यात गेली. बाहेर आली तेव्हा आपण कुठल्या बाजूनं आलो तेही कळेना. ती तिथं बसून मोठमोठ्यानं रडली. रडून झाल्यावर गुडघ्यांवर रांगत, हातांनी मिठाची खरखर शोधत विहिरीपाशी आली. हांडे भरले आणि घरी गेली.

"उशीर केलास," आई म्हणाली.

"पाय घसरला," गोदू म्हणाली.

नवव्या दिवशी बयेची पाठवणी झाली. ताप उतरला होता. दहीभाताचा नैवेद्य बांधावर ठेवला, कमळाबाईनं भगवानवरून निंबाचं पाणी ओवाळलं आणि भामानं हसतमुखानं दारावरची घोंगडी काढली. ऊन सरळ पोराच्या तोंडावर पडलं. त्यानं पापण्या उघडल्या. उजवा डोळा आत बसला होता. डाव्यावर नासलेल्या दुधासारखा पांढरा पडदा. भामा हातातल्या घोंगडीची घडी करत राहिली, पुन्हा पुन्हा.

दवाखान्यात हदासाबाईंनी डोळे पाहिले. मुंबईच्या इस्पितळाला चिठ्ठी लिहून दिली, काशीराम मचव्यानं पोराला घेऊनही गेला. जीव वाचला, पोट सुधारलं, डोळे गेले ते गेले. पण ते पुढं. त्या दिवशी बाईंनी भामाला एका शब्दानं दुखावलं नाही. फक्त विचारलं, "बाटली?"

गोदूनं परकराच्या ओच्यातून काढून दिली. बाईंनी ती उजेडात धरली. जवळजवळ भरलेली होती. मग त्यांनी चमचा आणला आणि गोदूसमोर धरला.

"नको," गोदू म्हणाली.

"पी."

"नको, बाय. मला नको."

हदासाबाईंनी डाव्या हातानं तिची हनुवटी धरली आणि उजव्यानं चमचा आत घातला. त्यांच्या चष्म्याखालून पाणी गळत होतं. पुढचे पंधरा दिवस त्या गोदूला रोज दवाखान्यात बोलवत आणि समोर उभं करून पाजत. अकराव्या संध्याकाळी गोदू विहिरीवर वाकली होती. सूर्य केव्हाच बुडाला होता. तिनं मान वर केली तर लांब दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका दिसला, अंगठ्याएवढा, काळा. आकाश अजून तांबूस होतं. मग एक चांदणी दिसली. मग पनवेलच्या बाजूला दिवे. अंधारातही ती वाट किती सरळ दिसत होती. बांध, मग चिंचेचं झाड, मग रस्ता. आंधळ्यासारखं चाचपडण्याचं काही कारणच नव्हतं तिथं. गोदूनं डोळ्यांवर दोन्ही हात दाबून धरले आणि बराच वेळ काढले नाहीत.

पुढची वर्षं सांगायला फार वेळ लागत नाही, जगायला लागला. भामाचा देवीवरचा विश्वास ढळला नाही, उलट वाढला. "डोळं नेलं, पण पोर ठेवलं गो," ती सगळ्यांना सांगायची आणि दर चैत्रात ओटी भरायची. ओटीचं ताट गोदूनं धरायचं. बयेचे उपकार मानणाऱ्या आईला गोदू काय सांगणार होती? आणि सांगून आईच्या हाती तरी काय उरलं असतं? ती ताट धरून उभी राहायची.

१९५६ मध्ये हदासाबाई इस्रायलला निघाल्या. पनवेलची किती घरं तेव्हा निघाली. जायच्या आधी त्या चालत वाडीवर आल्या. भगवानच्या डोक्यावरून हात फिरवला. निघताना गोदूला बांधावर थांबवून म्हणाल्या, "मी त्या दिवशी तुझ्या आईला सांगायला हवं होतं. सगळंच सांगायला हवं होतं." गोदूला म्हणायचं होतं, तुमचा काय दोष. पण ते तोंडातून निघेना, कारण मग दोष कुणाचा, हे पुढं आलं असतं. बाईंसाठी निदान एक बोट होती, समुद्रापलीकडं नेणारी. गोदूसाठी मिठागर होतं. आईची पाटी तिनं उचलली, आईचे चिरलेले पायही तिला मिळाले.

चिरनेरकडून एकदा स्थळ आलं. मुलगा चांगला होता, होडी स्वतःची. गोदू म्हणाली, भाऊ माझ्यासोबत येईल. त्यांनी विचार करून सांगतो म्हटलं आणि सांगितलं नाही. त्यानंतर आलेल्यांना ती आधीच विचारायची, म्हणून हळूहळू येणं थांबलं. भामा साठ साली गेली, शेवटपर्यंत बयेचं नाव घेत.

१९६३ च्या वैशाखातली एक संध्याकाळ. काशीराम आता म्हातारा झाला होता, मचव्यावर जात नव्हता, बंदरावर बसून लोकांच्या मचव्यांना तेल लावायचा. त्यानं अंगातला सदरा काढून दांडीवर टाकला आणि पाय मोकळे करायला बांधावर गेला. भगवान सतरा वर्षांचा, उंबऱ्यावर बसून काथ्या वळत होता. त्याची बोटं भराभर चालायची, त्याच्या दोरखंडाला बंदरावर मागणी होती. गोदू तांदूळ निवडत होती.

"बापूस आला वाटतं," भगवान म्हणाला. "वास आला."

"घाण वास," गोदू म्हणाली. "धुवून टाकते सदरा."

"नको गो. मला आवडतंय ह्यो वास."

"काय आवडन्यासारखं हाय त्यात?"

त्याची बोटं थांबली. "लहान व्हतो तवाचा हाय. मला बया आलेली तवाचा. समदं काळं व्हतं, आंग जळत व्हतं. आन एक हात आला माज्या तोंडापाशी. ह्याच वासाचा. तुजा हात व्हता."

गोदूच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "चार वर्साचा व्हतास. तुला काय आठवतंय?"

"तुजाच व्हता. कांकणं वाजली व्हती." तो हसला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, लहानपणची गंमत सांगावी तसा सांगत होता. "मला वाटलं, कायतरी खायला देतेस. मी आ केला व्हता गो. लई येळ. मंग हात गेला."

गोदूनं सूप खाली ठेवलं.

"असा," भगवान म्हणाला, आणि तिच्या बाजूला तोंड करून त्यानं आ करून दाखवला. तिन्हीसांज झाली होती, दिवा लावायचा राहिला होता, आणि गोदूला ते उघडं तोंड अगदी स्वच्छ दिसत होतं.